पाखाडीचा पत्ता : मॉरिशसमधले पाच दिवस

गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

नीलाताई, म्हणजे माझी मोठी नणंद, चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होत्या. त्यामुळे मॉरिशसला उतरल्यावर समुद्र, ऊस, डोंगर यांतलं काहीही न बघता त्यांनी आधी नोटा बघितल्या. विमानतळावर पैसे बदलले, रोझ हिलच्या खोलीवर आलो आणि बाईंनी पलंगावर पत्त्यांसारखा डाव मांडला. पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे, हजार, दोन हजार. पंचवीसची तेवढी नव्हती. ती रात्री दालपुरीवाल्याने सुटे म्हणून दिली.

"प्रत्येकीवर वेगळा माणूस आहे गं. आपलं बरं, एक गांधी म्हटले की संपलं."

मी चिपळूणच्या शाळेत इतिहास शिकवते. येण्याआधी वाचून आले होते, म्हणून एकेक पान उलगडून सांगितलं. पंचवीसवर आ-चुएन, चिनी वंशाचे. पन्नासवर पातुरो, फ्रेंच वंशाचे. शंभरवर सिनिवासेन, तमिळ. दोनशेवर अब्दुल रझाक महंमद, मुसलमान. पाचशेवर सुखदेव बिसुनदयाल, बिहारी हिंदूंचे पुढारी. हजारवर गाएतां द्युवाल, क्रिओल, म्हणजे गुलामांच्या मिश्र वंशातले. दोन हजारवर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. लग्नघरात मानपानाची यादी करताना कुणाचा मान राहून जाऊ नये म्हणून सगळं घर रात्रभर जागतं ना, तशी ही यादी आहे. बाई एकही नाही. १९४३ साली बेल व्ह्यू आरेलच्या गोळीबारात अंजले कुपेन ही पोटुशी मजूर बाई मारली गेली. तिच्या नावाचं स्टेडियम आहे, नोट नाही.

मला सगळ्यात मौज वाटते ती हजारच्या नोटेची. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत खरा प्रश्न एकच होता, ब्रिटनपासून वेगळं व्हायचं की नाही. द्युवाल यांचा पक्ष 'नको' म्हणत होता आणि त्यांना सुमारे ४४ टक्के मतं पडली. म्हणजे देश जन्माला आला तेव्हा त्यातल्या दर शंभर मतदारांपैकी चव्वेचाळिसांना तो नको होता. पुढे बरेच क्रिओल आणि गोरे ऑस्ट्रेलियाला निघून गेले. द्युवाल राहिले, दोन वर्षांत सरकारात गेले, परराष्ट्रमंत्री झाले आणि शेवटी नोटेवर चढले. आपल्याकडे असं कुणाचं होईल का, याचा विचार करत मी दालपुरी खाल्ली. ती जोडीनेच मिळते, एक मागून मिळत नाही.

नोटांवरून इथे भांडणही झालंय. १९९८ साली नव्या नोटांवर देवनागरी मजकूर तमिळच्या वर छापला गेला. तमिळ लोक रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं, उत्तर भारतातल्या मजुरांच्या कितीतरी आधी, फ्रेंचांच्या काळात, आमचे कारागीर इथे आले, मग आमची ओळ खाली का? बँकेने नोटा मागे घेऊन नव्याने छापल्या. नीलाताईंना हे ऐकून शहारा आला. छापलेल्या नोटा परत घ्यायच्या म्हणजे काय हे कॅशियरलाच कळतं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी मेट्रोने पोर्ट लुईला. मार्ग आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधलेला, पाट्या इंग्रजीत, शेजारच्या बाईच्या हातातलं वर्तमानपत्र फ्रेंच, आणि डब्यातलं एकूणएक बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत. राष्ट्रगीत इंग्रजीत आहे. म्हणजे कायदा एका भाषेत, बातमी दुसरीत आणि भाजी तिसरीत.

आप्रवासी घाट बघून पहिल्यांदा हिरमोड होतो. केवढंसं आहे! काळ्या दगडाच्या पायऱ्या, दवाखान्याच्या खोल्या, स्वयंपाकघराचे आणि शौचकूपांचे अवशेष, बाकीचं केव्हाच पाडलं गेलं. पण उद्यापरवाच्या कार्यक्रमासाठी मांडव पडला होता, खुर्च्या येत होत्या. २ नोव्हेंबर हा इथे सुट्टीचा दिवस. १८३४ साली त्या तारखेला 'ॲटलस' नावाच्या जहाजातून छत्तीस माणसं उतरली, छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी. गुलामी बंद होणार म्हणून मळेवाल्यांना हात हवे होते आणि इंग्रज सरकारला बघायचं होतं की कराराने बांधलेली माणसं गुलामांच्या जागी चालतात का. त्यांनी या प्रकाराला 'महान प्रयोग' असं नाव दिलं. प्रयोग यशस्वी झाला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं या बंदरातून आत गेली. आमच्या रत्नागिरी, सावंतवाडीकडचीही त्यात होती.

जागेचं जुनं नाव 'कुली घाट'. १९८७ मध्ये ते 'आप्रवासी घाट' झालं आणि २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. 'कुली' ही शिवी होती. 'आप्रवासी' हा शब्द संस्कृत, भारदस्त, आणि माझ्या अंदाजाने उतरणाऱ्या छत्तिसांपैकी एकाच्याही तोंडी नसलेला. नाव बदललं की शिवीचा वारसा होतो, आणि मला हे खोटं वाटत नाही. आम्ही शाळेत हेच करतो. जूनमध्ये चौथीतली पोरं येतात, मार्चपर्यंत त्यांना मावळे आपले पूर्वज वाटायला लागतात. त्यांतल्या निम्म्यांचे पूर्वज कुठून आले हे त्यांच्या आजीलाही ठाऊक नसतं.

आतल्या दालनात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती नोंदवह्यांपुढे. प्रत्येक माणसाला नंबर. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जहाज, गाव. १८६० च्या दशकापासून फोटोसुद्धा. हे कुणी प्रेमाने लिहिलेलं नाही. पळाला तर धरायला सोपं जावं म्हणून लिहिलंय. पास जवळ नसला तर भटक्या म्हणून आत टाकायचे. पण तोच कागद आज पणतूच्या हातात पडतो आणि तो म्हणतो, हे बघा, माझा पणजा. या वह्या आता मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि लोक रीतसर अर्ज करून आपला माणूस शोधतात.

तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर जुनं लष्करी रुग्णालय आहे, फ्रेंच गव्हर्नर ला बुर्दोने याच्या काळातलं. त्यात गुलामगिरीचं संग्रहालय झालंय. २०११ साली सत्य आणि न्याय आयोगाने अहवाल दिला, त्यात अशा संग्रहालयाची शिफारस होती. म्हणजे घाट युनेस्कोच्या यादीत गेल्याला पाच वर्षं झाल्यावर नुसती शिफारस. इमारत चांगली राखलीय, माणसं आस्थेने सांगतात. पण दोन्ही जागा एकाच सकाळी बघितल्या की फरक डोक्यात बसतो. गुलामांचीही नोंद झाली होती, मालमत्ता म्हणून. नावं मालकांनी ठेवलेली : सोमवार, फेब्रुवारी, ज्युपिटर. बापाचं नाव नाही. गावाचा रकाना नाही. मोझांबिक, मादागास्कर इतकंच, म्हणजे कुठल्या किनाऱ्यावरून लादलं ते. १८३५ मध्ये सुटका झाली तेव्हा ब्रिटिश सरकारने आपल्या सगळ्या वसाहतींत मिळून दोन कोटी पाउंड नुकसानभरपाई वाटली. ती मालकांना. सुटलेल्यांना आणखी चार वर्षं 'उमेदवार' म्हणून त्याच मालकाकडे राबावं लागलं.

नीलाताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "एकांच्या खात्यात निदान एन्ट्री आहे."

मग मध्यवर्ती बाजारात अलुदा प्यायलो. फालुद्याचाच भाऊ. पाय इतके दुखत होते की डोडोचा सांगाडा बघायला नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेलोच नाही. या बेटाला मूळचे म्हणता येतील असे रहिवासी ते पक्षीच. माणूस मूळचा कुणीच नाही. १५९८ मध्ये डच आले तेव्हा बेट रिकामं होतं. डच गेले, फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले. आणि डोडो, ज्याला खरोखर 'हे आमचं' म्हणता आलं असतं, तो डचांच्याच काळात संपला. तो आता राजमुद्रेवर उभा आहे.

शनिवार, १ नोव्हेंबर

आज गाडी केली होती, ल मॉर्नला जायला. ड्रायव्हर चाळिशीपुढचा, क्रिओल, चारचौघांसारखा हसतमुख आणि पहिला अर्धा तास पर्यटकांना ऐकवायचं ते ऐकवणारा. इंग्रजी चांगलं. आम्ही मुंबईच्या म्हटल्यावर शाहरुख झाला. मग त्याने विचारलं, वाटेत दहा मिनिटं थांबलो तर चालेल का? आज ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस. आईच्या थडग्यावर फुलं ठेवायची होती.

दफनभूमीत जत्रेसारखी गर्दी. ॲन्थुरियमचे लाल गठ्ठे, बादल्यांतून पाणी, घासूनपुसून स्वच्छ केलेली थडगी. आपल्याकडे सर्वपित्रीला घरोघर चाललेलं असतं ते इथे उघड्यावर चाललं होतं. पंजाबी ड्रेसमधल्या दोन बायकाही फुलं घेऊन आल्या होत्या. कुणाच्या, ते विचारलं नाही.

गाडीत परत आल्यावर तो गप्प होता. मग आपणहून म्हणाला, "आई इथली नव्हती. पेरोस बान्योसची."

मला नाव माहीत होतं म्हणून त्याला आश्चर्य वाटलं. पेरोस बान्योस, सालोमन, दिएगो गार्सिया ही चागोस बेटं. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना, ब्रिटनने ती मॉरिशसपासून तोडून स्वतःकडे ठेवली. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ व्हायचा होता. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या सगळ्या माणसांना, दीड-दोन हजार असतील, बोटीत घालून मॉरिशसला आणि सेशेल्सला आणून सोडलं. शेवटी रिकामं झालं ते पेरोस बान्योस. त्याची आई तेव्हा बारा वर्षांची होती.

"इथे त्यांना इलवा म्हणायचे. बेटवाले. शाळेत मारामारी व्हायची त्या शब्दावरून." मग हसून म्हणाला, "आता टीव्हीवर सगळे म्हणतात, चागोस आमचं आहे."

हे मात्र खरं आहे. आज या देशात सगळ्या जातिधर्मांना एकत्र आणणारी गोष्ट कुठली असेल तर ती चागोस. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसच्या बाजूने मत दिलं. यंदा २२ मे रोजी ब्रिटनबरोबर करारावर सह्या झाल्या : सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया नव्व्याण्णव वर्षं भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे. आम्हाला कुणी विचारलं का, असं अनेक चागोसवासी म्हणतात. मी त्याला विचारलं, तुम्ही जाल का तिकडे राहायला? दिएगो गार्सिया सोडून बाकी बेटांवर वस्तीची सोय करारात आहे. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "आई गेली असती. मी? माझी मुलगी क्युरपिपला बँकेत आहे." नीलाताई लगेच म्हणाल्या, कुठल्या बँकेत? आणि पुढचा पाऊण तास त्यांचं जमलं.

ल मॉर्न पश्चिमेच्या टोकाला आहे. ५५६ मीटरचा उभा काळा कातळ, खाली निळा-हिरवा उथळ समुद्र आणि पायथ्याशी महागडी हॉटेलं. पळून आलेले गुलाम इथे वर लपून राहायचे. गोष्ट अशी सांगतात की १ फेब्रुवारी १८३५ ला शिपायांची तुकडी वर चढू लागली. ती सांगायला येत होती की तुम्ही मोकळे झालात. वरच्यांना वाटलं, धरायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या.

इतिहासकार याला दंतकथा म्हणतात. मीही वर्गात पुरावा मागणारी बाई आहे. पण काल दोन्ही इमारती बघून आल्यावर इथे पायथ्याच्या स्मारकापाशी उभं राहून पुरावा मागायला तोंड उघडेना. लिहिणारे सगळे एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला डोंगर. २००८ मध्ये हाही युनेस्कोच्या यादीत गेला, घाटानंतर दोनच वर्षांनी. १ फेब्रुवारीची सुट्टी आहे तशी २ नोव्हेंबरची. एकाला दिलं की दुसऱ्याला द्यायचं, दोन जावांना सारख्या साड्या घ्याव्यात तसं. साड्या सारख्या असल्या तरी दोघींची घरातली जागा सारखी नसते, हे जावांना माहीत असतं.

डोंगराकडे बोट करून ड्रायव्हरला विचारलं, तुझ्या वडिलांकडचे लोक यांतले असतील? तो म्हणाला, "असतील. किंवा नसतील. म्हणूनच तर हा सगळ्यांचा आहे." आणि अननस घ्यायला गेला. इथे अननस सोलून, मीठ-मिरची लावून काठीवर देतात. नीलाताईंनी दोन खाल्ले, कारण उद्या एकादशी.

रविवार, २ नोव्हेंबर

आज कार्तिकी एकादशी आणि आप्रवासी दिन एकाच दिवशी आले. पंढरपुरात चंद्रभागेवर माणूस मावत नसेल. पोर्ट लुईला घाटावर पुष्पचक्रं वाहिली जात असतील. आम्ही कास्कावेलला गेलो, एका मराठी घरी.

ओळख अशी की चिपळूणच्या माझ्या एका सहकाऱ्याने इथल्या मराठी शिक्षिकेशी पत्रव्यवहार ठेवला होता. कास्कावेल पश्चिमेकडचं, उसाच्या मळ्यांमधलं, मराठी वस्तीसाठी ओळखलं जाणारं गाव. शिक्षिका तिशीची, अंगणात आली आणि म्हणाली, "आपले स्वागत आहे. आपण प्रवासात थकला असाल." पाठ्यपुस्तकातलं, धुऊन इस्त्री केलेलं मराठी. नीलाताई म्हणाल्या, "अगं थकतोय कसल्या, कालपासून नुसत्या खातोय." तिला एक अक्षर कळलं नाही. मी तेच प्रमाण मराठीत सांगितलं, मग हसली.

तिची आजी सत्तरीपुढची. आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो. मावशींना मराठी बोलता येत नाही. भजनं येतात, झाकरी येते, 'बस', 'खा', 'देव बरं करो' येतं. बाकी क्रिओल. नात मध्ये बसून तिकडचं इकडे करत होती.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण मॉरिशसच्या मराठीपणाबद्दल आपल्याकडे फार गोड गोड लिहिलं जातं. होय, गणेश चतुर्थीला राष्ट्रीय सुट्टी असते. प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. मराठी स्पीकिंग युनियन कायद्याने स्थापन झाली आहे. मोक्याला २०२३ पासून शिवाजी महाराजांचा पुतळाही आहे. पण हे सगळं कुठून आलं? राज्यघटनेत हिंदू, मुसलमान, चिनी आणि 'उर्वरित' असे चार गट, त्यांच्यासाठी संसदेत हरलेल्यांतून निवडायच्या आठ जागा. म्हणजे मोजदाद झाली की हिस्सा मिळतो, आणि मोजदाद व्हायची तर आपण वेगळे दिसलो पाहिजे. मग बिहाऱ्यांत विरून जाऊ नये म्हणून तमिळ, तेलुगू आणि मराठी लोकांनी आपापली भाषा, देव, भवन उभं केलं. जनगणनेत 'पूर्वजांची भाषा' असा प्रश्नच असायचा. घरात न बोलली जाणारी भाषा लोक तिथे अभिमानाने लिहायचे. मराठी ही इथे बोलायची भाषा कमी आणि आपण कुठले हे सांगणारी पाटी जास्त. हे म्हटल्याने कुणाला वाईट वाटेल, पण पाटी तीन-चार पिढ्या पुसू न देणं हेही काही सोपं काम नाही.

ज्यांना 'पूर्वजांची भाषा' म्हणून काही लिहिता येत नव्हतं, त्यांचं काय? क्रिओल लोकांची भाषा सगळा देश बोलतो, पण ती शाळेत विषय म्हणून आली २०१२ साली. तीही तमिळ, उर्दू, मराठी यांच्या रांगेत. मुलाने एकच निवडायची. शिक्षिका म्हणाली, तिच्या वर्गात यंदा सहा मुलं आहेत. "काही मराठी पालक आता क्रिओल घेतात. गुण जास्त मिळतात." मग आवाज उतरवून म्हणाली, "मी त्यांना दोष देत नाही. मी स्वप्नसुद्धा क्रिओलमध्ये पाहते."

जेवायला उकडलेलं मनिओक आणि रताळी, कारण मावशींचाही उपास होता. नीलाताईंना मनिओक म्हणजे साबुदाण्याची आई हे कळल्यावर त्यांनी तिला नमस्कारच केला. बिनसाबुदाण्याची, बिनशेंगदाण्याची एकादशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केली आणि सांगत होत्या की हीच खरी.

दुपारी गल्लीतल्या सहा-सात बायका आल्या. आधी विठ्ठलाची भजनं, मग माझ्या आग्रहावरून झाकरी. आमच्या कोकणातली जाखडी, तीच. गोल धरून, पाय आपटत, ढोलकीच्या जागी डबा. चाल ऐकली आणि माझ्या अंगावर काटा आला. गुहागरला माझ्या आजोळी गौरीच्या रात्री हीच चाल. शब्द घासून गुळगुळीत झालेले, अर्थ गाणाऱ्यांना माहीत नाही. 'पाखाडी' हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा येत होता. पाखाडी उतरून बंदराला जाण्याचं काहीतरी.

गाणं संपल्यावर मावशी उठल्या, आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद घेऊन आल्या. मोक्याहून काढून आणलेली त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांची नोंद. ते पहिलं नावच आज यांचं आडनाव आहे. सहा आकडी नंबर. वय बावीस. बापाचं नाव. उजव्या भुवईवर व्रण. बंदर मुंबई. जिल्ह्यापुढे गोऱ्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं 'रटनागेरी'. आणि गावाच्या रकान्यात : 'पाकाडी'.

मावशी म्हणाल्या आणि नातीने मराठी केलं, "आमचे गाव पाखाडी. गाण्यातही आहे, कागदावरही आहे. आपण तिकडच्याच. आपण पाहिले असेल."

मी गप्प बसले. पाखाडी म्हणजे गाव नाही. पाखाडी म्हणजे आमच्याकडची दगड बसवलेली उतरती वाट, घरांमधून खाली जाणारी. वाडीलाही पाखाडी म्हणतात, वरची पाखाडी, खालची पाखाडी. कोकणात गावोगाव सापडतील. कारकुनाने विचारलं असेल, कुठला तू? बावीस वर्षांच्या पोराने सांगितलं असेल, पाखाडीवरचा. त्याच्या दृष्टीने पत्ता पुरेसा होता. पाखाडीवर त्याला सगळे ओळखत होते.

मी अजून शब्द जुळवत होते, तेवढ्यात नीलाताई बोलून गेल्या. "अगं बाई, पाखाडी म्हणजे आपली घाटी ना? आमच्या दारात आहे की!"

नातीला 'घाटी' कळलं नाही. मग मलाच सांगावं लागलं. तिने ते आजीला क्रिओलमध्ये सांगितलं, अडखळत, माझ्यापेक्षा जास्त शब्दांत. मावशी कागदाकडे बघत राहिल्या. बायका कुजबुजल्या. मला वाटलं, आपण यांच्या देव्हाऱ्यातली मूर्ती हलवली. आणि माझ्याच बोटाने. इथे येताना मनात होतं ते हेच की 'तुम्ही आमचेच' म्हणावं, मिठ्या माराव्यात, फोटो काढावा.

मावशींनी काहीतरी विचारलं. नात म्हणाली, "ती विचारते, दगडाची असते का? पायऱ्या असतात?"

असतात, म्हटलं. जांभ्याच्या, पावसात शेवाळतात. माणूस घसरतो.

मावशी हसायला लागल्या. उठून आम्हाला घरामागे घेऊन गेल्या. मागे उतार, खाली ओढा, आणि उतारावर बेसाल्टचे धोंडे बसवून केलेली वाट. सासऱ्यांच्या वडिलांनी घातलेली. का घातली हे त्यांना कधी कळलं नव्हतं, आजूबाजूला कुणाकडे अशी नाही. माती चांगली होती, वाट आपोआप पडली असती. मावशी वरच्या दगडावर उभ्या राहिल्या, पायाने दोनदा आपटलं आणि क्रिओलमध्ये म्हणाल्या, "इसि मेम." हे मला नातीशिवाय कळलं. इथेच.

निघताना त्यांनी कागदाची झेरॉक्स माझ्या हातात दिलीच. तरीही शोधा, म्हणाल्या. बापाचं नाव आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

विमान दुपारचं, म्हणून सकाळी परवाच्याच ड्रायव्हरला बोलावलं आणि वाटेत गंगा तलाव केला. विवरातलं तळं. १८९७ च्या सुमाराला त्रियोलेच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं की या तळ्याचं पाणी गंगेतून येतं. लोक चालत यायला लागले. मग १९७२ मध्ये खरोखरच गंगाजल आणून त्यात ओतलं. स्वप्नाला पावती जोडली. आता १०८ फुटी शंकर उभा आहे आणि त्याच्यासमोर तेवढीच दुर्गा. महाशिवरात्रीला हजारो लोक खांद्यावर कावड घेऊन पायी येतात. मला पुतळे आवडले नाहीत, धुकं आवडलं. नीलाताईंनी बारशी तिथेच सोडली, एका केळ्यावर.

विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी पुढे झुकून ड्रायव्हरला कालची सगळी हकीगत सांगितली, निम्मी हिंदीत, निम्मी इंग्रजीत. नंबर कसा असतो, व्रण कसा लिहिलाय, पाखाडी म्हणजे काय. माझ्या पर्समधून झेरॉक्स काढून सिग्नलला त्याच्या हातात दिली.

त्याने चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत नीट वाचलं. बापाच्या नावावर अंगठा ठेवून थोडा थांबला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कागद घडी न मोडता परत केला.

"उंचीसुद्धा लिहिली आहे," तो म्हणाला.

आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.